अंगठा दिसेपर्यंत झूम करा : लायब्ररी ऑफ काँग्रेसचा फोटो-कॅटलॉग

जगभर गाजलेले कृष्णधवल फोटो आपण बहुतेक वेळा काडेपेटीएवढ्या आकारातच पाहिलेले असतात. पुस्तकाच्या कोपऱ्यात, फॉरवर्डमध्ये, नाहीतर ‘जगाला हादरवणारे शंभर फोटो’ छापाच्या एखाद्या यादीत. त्या आकारात फोटो ओळखू येतो, पण बघून होत नाही. आणि बघूनच झाला नसेल तर ‘तुम्हाला काय वाटलं?’ या प्रश्नाला ऐकीव उत्तरच निघतं. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या छायाचित्र विभागाचा ऑनलाइन कॅटलॉग यावर चांगला उतारा आहे. निगेटिव्हवरून केलेलं पूर्ण आकाराचं स्कॅन तिथे टिफ फाइलमध्ये (म्हणजे तपशील न गमावता साठवलेल्या मोठ्या फाइलमध्ये) मिळतं, फुकट. लॉगिन-बिगिन काही नाही. मालाला दहापैकी दहा, शोधण्याच्या सोयीला पाच, मोबाइलवर वापरायला तीन. मोबाइलवर वापरूच नका, हा पहिला सल्ला.

कॅटलॉग अवाढव्य आहे, त्यामुळे सुरुवात एकाच संग्रहापासून करावी : फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशनचा. महामंदीच्या काळात, १९३५ मध्ये, अमेरिकी सरकारने रिसेटलमेंट ॲडमिनिस्ट्रेशन नावाचं खातं काढलं. त्याच्या छायाचित्र विभागाचा प्रमुख होता रॉय स्ट्रायकर. १९३७ मध्ये खात्याचं नाव बदलून फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन झालं आणि १९४२ मध्ये विभाग युद्धकाळातल्या माहिती कार्यालयाकडे गेला. डोरोथिया लँग, वॉकर इव्हान्स, आर्थर रॉथस्टाइन, रसेल ली, मॅरियन पोस्ट वोल्कॉट, जॉन व्हॅचन, जॅक डेलानो, गॉर्डन पार्क्स ही सगळी फोटोग्राफर मंडळी या पगारपत्रकावर कधी ना कधी होती. सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह आणि १,६०० च्या आसपास रंगीत पारदर्शिका (स्लाइड) असा हा साठा आहे. सरकारी नोकरीत काढलेले फोटो असल्यामुळे वापरावर कोणतीही ज्ञात बंधनं नाहीत. प्रिंट काढा, भिंतीवर लावा, छापा. फक्त फोटोग्राफरचं आणि संग्रहाचं नाव द्या.

आता एकच फोटो जवळून पाहू. सगळ्यांना माहीत असलेलाच घेऊ, म्हणजे ओळखणं आणि बघणं यातला फरक कळेल. लँगचा ‘मायग्रंट मदर’ (स्थलांतरित आई), मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ. निगेटिव्ह क्रमांक एलसी-यूएसएफ३४-९०५८-सी. टिफ फाइल पन्नास मेगाबाइटच्या वर आहे. ती उघडा, शंभर टक्के झूम करा आणि चेहऱ्याकडे न जाता थेट खालच्या उजव्या कोपऱ्यात जा. तंबूचा खांब दिसेल. त्याच्या कडेला एक धुरकट, अर्धवट पुसल्यासारखा आकार आहे. तो अंगठा आहे. खांब धरलेल्या हाताचा अंगठा चित्रात खुपतोय असं लँगला वाटलं आणि काही वर्षांनी तिने निगेटिव्हवरच तो रिटच करून घालवला. पुरता गेला नाही, भुतासारखा राहिला. रिटच होण्याआधीच्या प्रिंटचं स्कॅनही कॅटलॉगमध्ये आहे, त्यात अंगठा ठसठशीत आहे. दोन्ही फाइली शेजारी शेजारी उघडा. स्ट्रायकरला ही खाडाखोड आवडली नव्हती. तुम्ही कोणाच्या बाजूने, हे ठरवण्यासाठी कोणत्याही समीक्षकाची गरज नाही. अंगठ्यासकट पाहिल्यावर नजर खाली ओढली जाते का, एवढंच स्वतःशी तपासा.

मग वर चढा. बाहीची विरलेली कड, मांडीवरच्या तान्ह्याचा मळलेला गाल, हनुवटीशी टेकलेली बोटं. दोन्ही बाजूंच्या मुलांनी तोंडं फिरवलेली आहेत. छोट्या आकारात ती मुलं म्हणजे आईच्या चेहऱ्याची महिरप वाटतात. मोठ्या फाइलमध्ये प्रत्येकाचे केस, मान, अंगातला कपडा वेगळा होतो आणि आई सोडून त्यांच्याकडे बघायला सुरुवात होते.

मूळ नोंदीतली ओळ मराठीत साधारण अशी होईल : ‘कॅलिफोर्नियातले निर्धन वाटाणा-मजूर. सात मुलांची आई. वय बत्तीस.’ नाव नाही. ते जगाला कळलं १९७८ मध्ये : फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी या मूळनिवासी जमातीच्या वंशाची. आपल्या चेहऱ्यावर फोटो गाजला पण हाती काही आलं नाही, ही तिची तक्रार होती. हे वाचल्यावर फोटो बदलतो. म्हणून क्रम महत्त्वाचा : आधी फोटो, मग ओळ.

कॅटलॉगमध्ये ओळ आणि फोटो एकाच पानावर असतात, तेव्हा हा क्रम पाळायचा कसा? सोपं आहे. डाउनलोड केलेल्या फाइलचं नाव म्हणजे नुसता अक्षर-आकड्यांचा क्रमांक असतो. दहा-पंधरा फाइली एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवा आणि दोन दिवसांनी तिथूनच उघडा. प्रत्येकीला घड्याळ लावून पाच मिनिटं द्या. पहिल्या मिनिटात कंटाळा येतो, तिसऱ्यात कडा दिसायला लागतात. मग कागदावर तीन ओळी लिहा : नजर आधी कुठे गेली, काय उशिरा दिसलं, आणि कुठली गोष्ट पाहताना अवघडल्यासारखं झालं. ‘हृदयद्रावक’, ‘बोलका’, ‘अप्रतिम’ हे शब्द बाद. ते फोटोबद्दल काही सांगत नाहीत, पाहणाऱ्याने पाहणं कधी थांबवलं तेवढं सांगतात. तीन ओळी झाल्या की मगच नोंद वाचा. ज्या ओळी नोंद वाचल्यावरही टिकतात, त्या तुमच्या.

या कॅटलॉगची खरी ताकद मात्र एका फोटोत नाही, शेजारच्या फोटोंमध्ये आहे. जुन्या कॅटलॉगच्या पानावर क्रमांकानुसार शेजारच्या नोंदी पाहण्याची एक लिंक असते. फार जणांचं तिकडे लक्ष जात नाही. ती दाबली की गाजलेल्या फोटोच्या अलीकडच्या-पलीकडच्या निगेटिव्ह दिसतात. गॉर्डन पार्क्सचं उदाहरण घ्या. ऑगस्ट १९४२, वॉशिंग्टन. सरकारी कार्यालयात साफसफाई करणारी एला वॉटसन, हातात झाडू, बाजूला मॉप, पाठीमागे उभा टांगलेला अमेरिकेचा झेंडा. हा फोटो घोषवाक्यासारखा आहे, अर्थ एका दमात कळतो आणि प्रतिसाद तिथेच संपतो. शेजारच्या फ्रेममध्ये पार्क्स तिच्या घरी गेलेला आहे. एका फोटोत ती तीन नातवंडांसोबत बसलेली दिसते. नोंद सांगते की दत्तक मुलगीही यात आहे. ती शोधावी लागते : ती ड्रेसरच्या आरशात आहे. काडेपेटीच्या आकारात ती सापडणं कठीण. झेंड्याच्या फोटोपेक्षा हा फोटो श्रेष्ठ आहे, असं आमचं स्पष्ट मत.

शेजाऱ्यांबाबत एक इशारा. क्रमांक सलग म्हणजे फोटोही त्याच क्रमाने काढले, असं धरून चालू नका. लँगच्या निगेटिव्हना क्रमांक नंतर कार्यालयात दिले गेले. निपोमोचा प्रसिद्ध फोटो ९०५८ आहे आणि त्याच तंबूच्या बाकीच्या फ्रेम ९०९० च्या घरात आहेत, म्हणजे शेजारी पाहूनही त्या हाती लागत नाहीत. त्या एकत्र पाहायच्या तर ग्रंथालयाने या मालिकेसाठी केलेलं वेगळं पान शोधा. तिथल्या लांबून घेतलेल्या फ्रेममध्ये थोरली मुलगीही दिसते, एकीत बाळ अंगावर पितंय. गाजलेल्या चौकटीत काय काय गाळलं गेलं, ते तिथे कळतं.

निगेटिव्ह क्रमांकात माहिती दडलेली असते, ती वाचायला शिका. शेवटचं अक्षर फिल्मचा आकार सांगतं : ए म्हणजे ८×१० इंच, सी म्हणजे ४×५, डी म्हणजे ३¼×४¼, आणि एम म्हणजे ३५ मिलिमीटर. मोठी प्रिंट काढायची असेल तर ए आणि सी कडे वळा. इव्हान्सने १९३६ मध्ये अलाबामातल्या हेल काउंटीत (जिल्ह्यात) काढलेले बरोज कुटुंबाचे फोटो यातले सर्वांत श्रीमंत. ॲली मे बरोजच्या पाठीमागच्या फळ्यांची रेषान् रेषा मोजता येते. ३५ मिलिमीटरच्या फोटोंत तेवढा तपशील मागू नका. तिथे मजा वेगळी, हालचालीची.

कधी कधी फोटोच्या मधोमध कुळकुळीत काळा गोल ठिपका दिसेल. स्कॅनिंगची चूक समजून ईमेल करू नका. स्ट्रायकर नापसंत निगेटिव्हना पंचने भोक पाडत असे. सुरुवातीच्या वर्षांत हा उद्योग जोरात होता, १९३९ च्या सुमारास थांबला. निगेटिव्हमधल्या भोकातून प्रकाश आरपार जातो, म्हणून पॉझिटिव्हमध्ये तिथे काळं वर्तुळ येतं. कधी ते आकाशात असतं, कधी थेट माणसाच्या तोंडावर. अशा आणि न छापलेल्या इतर निगेटिव्हना नोंदीत स्वतःचं शीर्षक नसतं. ‘शीर्षक नाही, बहुधा अमुक फोटोशी संबंधित’ असा मजकूर चौकटी कंसात असतो. ‘अनटायटल्ड’ हा शब्द शोधात टाकला की हा सगळा नाकारलेला माल समोर येतो. प्रसिद्ध फोटोंच्या ओझ्याशिवाय बघण्याचा सराव करायचा असेल तर हाच माल उत्तम, कारण त्यांच्याबद्दल कोणीच आधी काही लिहून ठेवलेलं नाही.

दुसरा संग्रह ॲन्सेल ॲडम्सचा. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या अमेरिकनांना कॅलिफोर्नियातल्या मँझानारच्या छावणीत डांबलं होतं. तिथे ॲडम्सने १९४३ मध्ये फोटो काढले आणि ते त्याने नंतर ग्रंथालयाला देऊन टाकले : २४२ निगेटिव्ह आणि २०९ प्रिंट. निगेटिव्हचं स्कॅन आणि ॲडम्सने स्वतः केलेली प्रिंट इथे शेजारी शेजारी ठेवली आहेत. डार्करूममध्ये काय घडतं हे समजून घ्यायला याहून चांगला धडा फुकटात मिळणार नाही. कुठे कापलं, कुठे काळं केलं, कुठे उजेड सोडला, ते दोन खिडक्या उघडून ताडून पाहा. नुसत्या निगेटिव्हला आणि तयार प्रिंटला तुमच्या तीन ओळी वेगवेगळ्या आल्या तर समजा की फरक पडद्यावरून तुमच्यापर्यंत पोचला.

आता छपाई. पडद्यावर कितीही झूम केलं तरी फोटो एकाच वेळी पूर्ण आणि बारीक दिसत नाही. हातात धरलेल्या प्रिंटमध्ये दिसतो. पण इथे हमखास चुका होतात.

आकाराचा हिशेब आधी. या कृष्णधवल टिफ बहुतेक ८ बिटच्या असतात, म्हणजे एका पिक्सेलला एक बाइट. त्यामुळे डाउनलोडच्या यादीत लिहिलेले मेगाबाइट म्हणजेच साधारण तेवढे मेगापिक्सेल. २० मेगाबाइटची फाइल म्हणजे अंदाजे ५,००० × ४,००० पिक्सेल, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १६ × १३ इंच. तेवढ्या फाइलवर २० × ३० चा अट्टहास केला तर जवळून मऊ दिसणारच.

गुणोत्तर हा दुसरा खड्डा. आपल्याकडच्या लॅबमध्ये ८×१२ आणि १२×१८ सर्रास मिळतात. ते ३५ मिलिमीटरच्या २:३ मापाचे आहेत. लँगची ४×५ ची निगेटिव्ह तशीच पाठवली तर लॅबवाला ‘फुल पेपर’ करून वरून-खालून नाहीतर कडेने कापतो, आणि पहिला बळी अंगठ्याच्या कोपऱ्याचा जातो. उपाय : २,४०० × ३,६०० पिक्सेलचा पांढरा कॅनव्हास घ्या, त्यावर फोटो ७ × ८.७५ इंचाचा ठेवा. डावी-उजवीकडे अर्धा-अर्धा इंच, वर दीड आणि खाली पावणेदोन इंच समास राहतो. खालचा समास थोडा मोठा ठेवला की फोटो घसरल्यासारखा वाटत नाही. फ्रेमवाल्यालाही पकडायला जागा मिळते.

टोनचं काम गिंप या फुकट सॉफ्टवेअरमध्येही नीट होतं, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. ही स्कॅन मुद्दाम सपाट ठेवलेली असतात, म्हणजे काळ्यात आणि पांढऱ्यात काहीच हरवू नये. लेव्हल्स या पर्यायात काळा बिंदू हिस्टोग्राम (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख) सुरू होतो तिथपर्यंत आणा, पांढरा बिंदू किंचित आत. मधला सरकवताना डोळे चेहऱ्यावर ठेवा, आकाशावर नको. खटकेबाज कॉन्ट्रास्ट देण्याचा मोह आवरा, कपड्याच्या घड्या आणि केस आधी मरतात. फिल्मच्या काळ्या कडा आणि होल्डरच्या सावल्या काढल्या तर चालेल. मोठे ओरखडे आणि धूळ बुजवा. अंगठ्याचं भूत मात्र बुजवू नका, तो फोटोचाच भाग आहे. शार्पनिंग सर्वांत शेवटी, छपाईच्या मापाला आणल्यानंतर, आणि हलकं. जास्त झालं की फिल्मचे कण वाळूसारखे टोचतात.

साध्या लॅबमध्ये रंगीत फोटोपेपरवरच कृष्णधवल निघतो. तिथे फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत बदलून द्या आणि ‘ऑटो करेक्शन बंद’ असं पावतीवर लिहून घ्या. नाहीतर यंत्र आपल्या मर्जीने चेहरा उजळवतं. या कागदावर राखाडी कधी हिरवट, कधी जांभळट उतरतो. काउंटरवरच्या ट्यूबलाइटखाली तो कळत नाही, दारात येऊन उन्हाच्या उजेडात पाहा. आधी ४×६ ची एक चाचणी काढावी : त्याच फोटोतली चेहऱ्याची पट्टी तीनदा, एक आहे तशी, एक थोडी उजळ, एक त्याहून उजळ. बहुतेकदा मधली किंवा तिसरी बरोबर निघते, कारण आपले पडदे फार प्रखर लावलेले असतात आणि त्यावर नीट वाटलेलं कागदावर काळवंडतं. खर्च परवडत असेल तर राखाडी शाईच्या एकाहून जास्त काडतुसांच्या पिगमेंट प्रिंटरवर, सुती मॅट कागदावर काढून घ्या. मॅटवर काळा थोडा कमी खोल येतो, पण चमक नसल्यामुळे खिडकीसमोरही फोटो दिसतो. बराइटा या किंचित चमक असलेल्या कागदावर काळा खोल येतो, पण तिथे उजेडाची जागा बघून टांगावं लागतं. ग्लॉसी टाळाच, त्यात आधी स्वतःचं तोंड दिसतं.

आता तक्रारी. ग्रंथालयाची दोन संकेतस्थळं समांतर चालतात, जुना छायाचित्र-कॅटलॉग आणि नवं सर्वसाधारण पान. नवं दिसायला बरं, पण शेजारच्या निगेटिव्ह पाहायच्या तर जुन्याकडेच यावं लागतं. जुन्यात शोधाच्या निकालाची लिंक जपून ठेवण्यापेक्षा नोंदीच्या तळाशी असलेली कायमची लिंकच उतरवून घ्या. शोध मूळ ओळींतल्या शब्दांवर चालतो आणि त्या ओळी १९३०-४० च्या इंग्रजीत आहेत. ‘गरिबी’साठी आजचा शब्द टाकून काही मिळत नाही. राज्याचं आणि काउंटीचं नाव टाका, मग पिकाचं : कापूस, वाटाणा, तंबाखू. कृष्णवर्णीयांसाठी तेव्हाचे शब्द आज खटकतात, पण नोंदी तशाच जपल्या आहेत. जागेवरून शोधायचं असेल तर येल विद्यापीठात तयार झालेलं फोटोग्रामर हे संकेतस्थळ वापरा. हेच फोटो नकाशावर काउंटीनुसार मांडलेले सापडतात. तिथून क्रमांक घ्यायचा आणि फाइल ग्रंथालयातून उतरवायची, ही जोडी चांगली जमते.

आणि इथे सगळेच अभिजात फोटो मिळतील अशी आशा ठेवू नका. ज्यांचे हक्क खासगी आहेत अशा बऱ्याच नोंदींना वॉशिंग्टनच्या इमारतीबाहेर फक्त अंगठ्याच्या नखाएवढं चित्र दिसतं, डाउनलोडचा पर्यायच नसतो. तिथे वेळ घालवू नका.

पहिल्या बैठकीसाठी एवढं पुरे : लँगचे निपोमोचे सगळे फोटो, पार्क्सची एला वॉटसन मालिका, मँझानारच्या पाच जोड्या, आणि भोक पाडलेल्या दहा निगेटिव्ह.  रॉथस्टाइनचा ओक्लाहोमातल्या धुळीच्या वादळाचा फोटो, एप्रिल १९३६, सिमरॉन काउंटी, हा सगळ्यात शेवटी उघडा. बाप आणि थोरला पुढे निघालेत, धाकटा हाताने तोंड झाकत मागे राहिलाय. आधी पाच मिनिटं, मग तीन ओळी. त्यानंतर वाचा की यातला काही भाग फोटोग्राफरने सांगून करून घेतला होता, आणि लिहिलेल्या तीन ओळींपैकी कुठली खोडाविशी वाटते ते बघा.